भर कशाची?

दंतरोपणाच्या वेळी जबड्याचे हाड झिजलेले आढळले, तर दंतवैद्य तेथे अस्थिद्रव्याची भर घालण्याचा सल्ला देतात. घरातील मंडळी खर्च विचारतात, किती दिवस लागतील तेही विचारतात. भर कशाची आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

या भरीचा एक उगम समुद्रात आहे. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असून त्यातील सूक्ष्म छिद्रे हाडातील पोकळ्यांप्रमाणे एकमेकांना जोडलेली असतात. १९७४ साली अमेरिकेतील डेला रॉय आणि लिनेहान या संशोधकांनी फॉस्फेटच्या द्रावणात उष्णता व दाब देऊन त्याचे हायड्रॉक्सिअपॅटाइटमध्ये रूपांतर केल्याचे प्रसिद्ध केले. हाडातील मुख्य खनिज याच जातीचे. छिद्रांची रचना मात्र तशीच राहिली. असा तुकडा हाडात बसविला की छिद्रांतून रक्तवाहिन्या शिरतात, अस्थिपेशी स्थिरावतात आणि नवे हाड वाढू लागते. चुनायुक्त तांबड्या समुद्रशैवालापासूनही असे द्रव्य बनवितात. कोळंबीच्या कवचापासून बनविलेल्या कायटोसानवर संशोधन चालू आहे.

येथे श्रावकापुढे प्रश्न उभा राहतो. आचार्य शांतिसूरींच्या 'जीवविचार' प्रकरणात विद्रुम, म्हणजे पोवळे, पृथ्वीकायात गणले आहे. आधुनिक जीवशास्त्र प्रवाळाला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. दृष्टी कोणतीही स्वीकारली, तरी तेथे जीव आहेच. दंतोपचारात गोवंशाच्या हाडापासून केलेली भरही वापरली जाते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

म्हणून उपचार नाकारणे हा मार्ग नव्हे. रुग्णाचे स्वतःचे हाड वापरता येते. त्यासाठी दुसरी जखम मात्र सोसावी लागते. प्रयोगशाळेत तयार केलेले कॅल्शियम फॉस्फेट आणि जैवक्रियाशील काच हेही पर्याय आहेत. प्रत्येक ठिकाणी ते सारखेच उपयोगी पडतील असे नाही. तो निर्णय वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावा.

परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावर हा विचार करता येत नाही. माल कोठून आला हे जाणल्याविना तो पेढीवर उतरवून न घेणाऱ्या कुटुंबाने आपल्या देहात बसणाऱ्या द्रव्याचे मूळही आधीच विचारावे. द्रव्याचे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि आपला नियम त्यांना संकोच न करता सांगावा. वडीलधाऱ्यांना हे नंतर कळून होणारा क्लेश त्यामुळे टळेल.