चर्चचा इतिहास केडगावपासून वाचावा

दरवर्षी १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ, पेरण्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि नगर रस्त्याच्या कडेने पुस्तकांचे स्टॉल लागतात. फुले, आंबेडकर, बुद्ध, संविधान, महार पलटणीचा इतिहास... पिशव्या भरभरून पुस्तकं घरोघरी जातात. शाळेने जे शिकवलं नाही ते पदरचे पैसे मोडून वाचणारा असा वाचक महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच एका जागी दिसतो. पण या वाचकाच्या, किंबहुना एकूणच मराठी वाचकाच्या, पिशवीत ख्रिस्ती चर्चचा इतिहास सहसा नसतो. ‘तो त्यांचा विषय’ म्हणून तो बाजूला राहतो.

बाजूला ठेवायला दोन तयार चित्रं हाताशी असतात. एका चित्रात कॉन्व्हेंट शाळा चालवणारे सेवाभावी फादर-सिस्टर असतात, दुसऱ्यात आमिष दाखवून धर्म बदलायला लावणारा मिशनरी. एक चित्र कौतुकाचं, दुसरं संशयाचं. वाचण्याच्या कष्टांतून सुटका मात्र दोन्ही सारखीच करतात. चर्चचा इतिहास हा चर्चच्या आतल्या भांडणांचा, शंकांचा आणि माघारींचाही इतिहास आहे. तो समजून घ्यायला ख्रिस्ती असावं लागत नाही आणि रोमपासून सुरुवातही करावी लागत नाही. शिरूर-दौंडच्या वाचकाला तर तो भीमेच्या दोन्ही तीरांवर सापडतो.

१८१७ सालच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. त्याच वर्षी पेशवाई संपली, दख्खनचे रस्ते कंपनीच्या ताब्यात गेले आणि त्या रस्त्यांनी मागाहून मिशनरी आले. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं मांडलं. पुढे शिरूरलाही मांडलं. म्हणून कंपनी आणि मिशनरी एकाच माळेचे मणी, असं मानण्याची आपल्याकडे सवय आहे.

पण याच मिशनचे पहिले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ मध्ये मुंबईला उतरले तेव्हा त्यांना परत धाडण्याचा हुकूम निघाला होता. दोघे अमेरिकन, आणि अमेरिका-इंग्लंडचं तेव्हा युद्ध चालू. शिवाय धर्मप्रचाराने प्रजा बिथरेल आणि व्यापार बुडेल ही कंपनीची जुनी धास्ती. दोघे गुपचूप कोचीनला निघून गेले, तिथून त्यांना परत आणलं गेलं, गव्हर्नर सर इव्हान नेपियनकडे अर्जविनंत्या झाल्या, तेव्हा कुठे त्यांना राहू दिलं. ब्रिटनच्या संसदेने कंपनीची सनद बदलून मिशनऱ्यांना वाट मोकळी केली तीही त्याच वर्षी. सत्ता आणि चर्च यांचं नातं कधी सोयीचं, कधी अडचणीचं होतं, हे एवढ्या एका प्रकरणावरून कळतं.

न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याने भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातलं केडगाव लागतं. मराठी माणसाला पंडिता रमाबाई माहीत असतात त्या संस्कृतच्या विदुषी आणि विधवांच्या कैवारी म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या, पुण्यात प्लेगचा कहर सुरू असताना केडगावच्या माळावर त्यांची सोय केली आणि तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्यांच्याच हाती होतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं; त्याचे खिळे जुळवले ते याच छापखान्यातल्या बायकांनी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये.

चर्चच्या इतिहासाच्या वाचकाला यापेक्षाही मोलाच्या आहेत त्या रमाबाईंच्या शंका. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेचच धर्मगुरूंशी वाद मांडला. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, ना आपल्याला लॅटिन येतं ना आपल्या देशातल्या बायकांना. संस्कृत काय वाईट, असा त्यांचा सवाल होता. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये नेमका कुठे आहे, हेही त्यांनी विचारलं. एका पुरोहितशाहीचं जू मानेवरून उतरवलं ते दुसरीचं घ्यायला नव्हे, हे त्यांनी सिस्टरबाईंना स्पष्ट बजावलं. मांसाहार तर त्यांनी इंग्लंडच्या थंडीतही केला नाही.

ही पत्रं वाचताना वाचक आपसूक दीड हजार वर्षं मागे जातो. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा की पित्याने निर्माण केलेला, या प्रश्नावर अलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या धर्मगुरूने चौथ्या शतकात वाद पेटवला. तो मिटवण्यासाठी सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये नायसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद बोलावली. आजही चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या नायसीन मतांगीकाराची सुरुवात तिथली. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षं झाली. सिद्धान्ताच्या वादात सम्राटाने का पडावं, हा प्रश्न पेशव्यांच्या काळात ग्रामण्यांचे, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादांचे, निवाडे पुण्याच्या दरबारात होत हे ठाऊक असलेल्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. सनावळी पाठ करून परिषदा लक्षात राहत नाहीत. रमाबाईंच्या बाजूने वाद घालायला बसलं की नायसिया लक्षात राहतं.

इंग्लंडमध्ये रमाबाईंना आणखी एका गोष्टीने चक्रावून टाकलं होतं: ख्रिस्त एक, मग पंथ इतके का? याचं उत्तर शोधताना १०५४ ची पूर्व-पश्चिम फूट येते, १५१७ चा मार्टिन ल्यूथर येतो. उलटा प्रवासही झालेला आहे आणि तोही महाराष्ट्रात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं.

केडगावातून निघालेला एक धागा तर थेट दक्षिण अमेरिकेत पोहोचतो. १९०५ च्या जून अखेरीस मुक्ती मिशनच्या मुलींमध्ये संजीवनाची, म्हणजे सामूहिक प्रार्थना, रडणं, पापांची कबुली यांची, लाट आली. एका मुलीला दुसरीभोवती आगीच्या ज्वाळा दिसल्या आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, अशी तेव्हाची नोंद आहे. अमेरिकेत पेंटेकॉस्टल चळवळीचा आरंभ मानली जाणारी लॉस एंजेलिसची घटना एप्रिल १९०६ ची, म्हणजे केडगावनंतरची. केडगावात काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या मिशनरी बाईंनी या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीच्या व्हाल्पाराइसो शहरात असलेल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मिसेस हूव्हर यांना, पाठवली. १९०९ मध्ये तिथे अशीच लाट उठली आणि चिलीची पेंटेकॉस्टल चर्च त्यातून उभी राहिली. धर्म नेहमी पश्चिमेकडून इकडे आला, या समजुतीला दौंड तालुक्यातली ही पुस्तिका छेद देते. ते संजीवन खरं की सामूहिक भावनोद्रेक, हे ज्याचं त्याने ठरवावं. ते घडलं आणि त्याचे परिणाम झाले, एवढं नाकारता येत नाही.

हा इतिहास निवडून गोड भाग वाचण्याचा नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. मधली काही वर्षं सोडता ते १८१२ पर्यंत टिकलं. त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचलं आणि ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. १६८४ मध्ये मात्र पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. ओवी आणि बंदी, दोन्ही त्याच चर्चच्या छायेत घडलं. एक सांगून दुसरं लपवणारा लेखक प्रचारक असतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

जातीचंही तसंच. नगरच्या सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुल्यांवर ठसा उमटवला आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, हे अभिमानाने सांगितलं जातं. पण चर्चमध्ये गेल्यावर जात सुटली का? डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना चर्चची याबाबत गय केलेली नाही. ते लेखन त्यांच्या इंग्रजी ग्रंथावलीच्या पाचव्या खंडात आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. या प्रश्नासाठी २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. जयस्तंभाजवळ पुस्तकं घेणाऱ्याला हा विषय परका कसा ठरेल?

साधनं वाचताना ती कोणासाठी लिहिली आहेत, हे पाहावं. मिशनचे वार्षिक अहवाल परदेशातल्या देणगीदारांसाठी होते. त्यांत यशाचे आकडे ठसठशीत असणारच. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या संस्थेच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले तेव्हा ‘केसरी’ने रमाबाईंवर जे लिहिलं, त्यालाही त्याची बाजू होती. दोन्ही कागद शेजारी ठेवले की इतिहास बोलू लागतो.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’पासून करावी. पती रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर जवळपास पाच वर्षं लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. धर्मांतर घराच्या उंबऱ्यावर काय करतं, हे त्यात हसतखेळत पण निर्दयपणे आलं आहे. मग रमाबाईंची पत्रं, बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’. त्यानंतर युरोपचे जाडजूड ग्रंथ.

आणि शिरूर-दौंडच्या वाचनालयांनी ही चार पुस्तकं ‘धर्म’ या कपाटात न ठेवता स्थानिक इतिहासाच्या कपाटात ठेवावीत. तालुक्यातल्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या असतील तर त्यांच्या प्रती चर्चच्या संमतीने काढून घ्याव्यात. दुष्काळ-प्लेगच्या वर्षांत कोण आलं, कोणत्या गावाहून आलं आणि कोण दगावलं, हे अशा वह्यांमध्ये सापडू शकतं, आणि कागदाला वाळवी थांबत नाही.