झाल्यावर की झाल्यास?

‘अवलंबून’ हा आपल्या घरांतील नित्याचा शब्द. पेरणी पावसावर अवलंबून, प्रवास रजेवर अवलंबून. संस्कृत ‘लंब्’ म्हणजे लोंबणे. जे दुसऱ्याच्या आधाराला टांगलेले, ते अवलंबून. इंग्रजी कायद्यात ‘कंटिंजंट’ म्हणतात ते हेच. आपण त्यास सशर्त किंवा सापेक्ष म्हणतो. बोलण्यात तो सैलपणे वापरला तरी निभावते. दस्तात मात्र त्यावर घर राहते वा जाते. म्हणून या वेळी आम्ही हाच शब्द विचारास घेतला आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ३१ व्या कलमात अशा कराराची व्याख्या आहे. कराराबाहेरची एखादी घटना घडल्यास वा न घडल्यास काही करण्याचे वचन, तो सापेक्ष करार. ‘तुझे घर जळाल्यास इतकी रक्कम देईन’ हे त्याचे उदाहरण. आगीचा विमा याच जातीचा. घटना घडेपर्यंत मागणी करता येत नाही आणि ती अशक्य झाली की करार रद्द होतो. अमुक मुलीशी विवाह केल्यास पैसे देण्याचे ठरले आणि तिने दुसऱ्याशी विवाह केला, तर ती घटना अशक्य झाली असे कायदा धरतो. पुढे कधी ती विधवा होईल, या शक्यतेची तो वाट पाहत नाही.

मृत्युपत्रात हा भेद अधिक सूक्ष्म होतो. ‘घर पत्नीने हयातभर भोगावे, तिच्या पश्चात पुतण्यास मिळावे,’ असे कोणी लिहिले, तर पत्नीचा मृत्यू ही निश्चित घटना आहे. अनिश्चित आहे ती केवळ वेळ. म्हणून १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्रात उलट हेतू दिसत नसेल तर, लिहिणारा वारताच पुतण्याचा हक्क जन्मास येतो. ताबा तेवढा मागाहून मिळतो. मधल्या काळात पुतण्या दगावला, तरी तो हक्क त्याच्या वारसांकडे जातो. उलट ‘पुतण्या १८ वर्षांचा झाल्यास रक्कम द्यावी’ असे लिहिले, तर त्या वयाआधी हक्कच निर्माण होत नाही. (गोव्याचा वारसा कायदा निराळा आहे.)

आपल्या मराठीत ‘झाल्यावर’ वेळ सांगते, ‘झाल्यास’ अट सांगते. हिंदीतील ‘होने पर’ या दोन्हींचे काम करते. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या कुटुंबांचे दस्त बहुधा हिंदीतच होतात, तेव्हा तेथे विशेष सावध असावे. अर्थात केवळ प्रत्ययावर निकाल लागत नाही. ‘१८ वर्षांचा झाल्यावर’ असे लिहिले, तरी ती घटना अनिश्चितच राहते. कायदा शब्दामागची घटना पाहतो.

या भेदाची खरी झळ लागते ती बक्षीसपत्रात. ‘मुलगा सांभाळीलच’ या भरवशावर वडीलधारी माणसे राहते घर लिहून देतात; भरवसा मनात राहतो, कागदावर येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमान्वये, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास परत मिळविता येते. पण अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका मातेचे २०१९ चे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केले. तेथे सांभाळाचा उल्लेख पत्रातच होता, शिवाय त्याच दिवशीचे मुलाचे वचनपत्रही तिने पुढे केले होते.

तेव्हा वाचकहो, दस्तावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वकिलाकडून लिहून घ्याव्यात: काय अवलंबून आहे, कशावर अवलंबून आहे, आणि तसे न घडल्यास काय व्हावे. मुलावर विश्वास ठेवूनही अट लिहिता येते. सज्जन मुलास तिचा भार वाटणार नाही, आणि दुर्दैवाने प्रसंग आलाच तर आईच्या हाती तेवढाच कागद असेल.