घाण पाणी शाळेचं, जागा कोणाची?

साथींनो,

आश्रमशाळेच्या मागच्या ओहोळात काय वाहतं ते तुम्हाला सांगायला नको. वर संडास-मोऱ्यांचं पाणी सुटतं आणि खाली आपल्या बाया हंडा भरायला झिरा उकरतात. पाऊस लागला की पोरांना जुलाब. अर्ज देऊन देऊन आपण दमलो. आता कार्यालयाला एकदम जाग आली. म्हणतात, तीन तळी खोदू, पाणी आपोआप साफ होईल, ग्रामसभेचा ठराव तेवढा द्या. जागा कुठली दाखवली? आपल्या दाव्यातली. अडीच एकर.

यावर आपल्यात दोन मतं पडलीत. काही साथी म्हणतात, तळी म्हणजे जमीन काढायचं सोंग, सरळ नाही म्हणा. मला हे पटत नाही. तळ्याची रीत खोटी नाही. पहिलं तळं खोल. त्यात गाळ खाली बसतो आणि हवेवाचून कुजतो. दुसरं पुरुषभर खोल. त्यात हिरवं शेवाळ धरतं, ते उन्हावर पाण्यात प्राणवायू सोडतं, आणि त्या प्राणवायूवर बारीक जंतू घाण खाऊन टाकतात. जंताची अंडी तळाला बसतात. तिसरं उथळ, तिथं ऊन रोगाचे जंतू मारतं. मोटर नाही, वीज नाही. आपल्याकडची वीज बघता हे बरंच आहे! कलकत्त्याच्या पूर्वेला शहराच्या सांडपाण्यावरच तळी चालतात. त्यात मासे वाढवणारे इंजिनियर नव्हेत, आपल्यासारखेच कष्टकरी आहेत.

पाड्यातल्या घरांना मात्र याची गरज नाही. डोक्यावर पाणी आणणाऱ्या घराचं सांडपाणी ते किती? मोरीचा शोषखड्डा पुरतो. तळी शाळेसाठी आहेत.

मग शाळेपुरता हिशेब करू. समजा 400 मुलं, प्रत्येकी 50 लिटर, म्हणजे दिवसाला 20,000 लिटर. तेवढ्या पाण्याची तिन्ही तळी, बांध आणि वाट धरून 15 गुंठ्यांच्या आसपास बसतात. अडीच एकर म्हणजे 100 गुंठे. बाकीचे 85 गुंठे कशाला? 100 चा आकडा आला कुठून ते मी सांगतो. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये गावाच्या सोयीसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते, एकरी मोजली तर साधारण अडीच. तीच मर्यादा उचलून कागदावर टाकली.

त्या कलमात 13 कामांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची सोय, तलाव वगैरे. सांडपाण्याचं तळं त्यात नाही. म्हणून ठरावाच्या मसुद्यात नुसतं 'तलाव' लिहिलंय. वाचून बघा. घाणीच्या तळ्याला तलाव म्हणून सही घेतायत. आणि दाव्याची पडताळणी पुरी झाल्याशिवाय कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम 4(5) सांगतं. उलट कलम 5 ग्रामसभेला पाण्याचे झरे राखायचा अधिकार देतं. म्हणजे ओहोळातली घाण थांबवा असं आपणच त्यांना बजावू शकतो.

माझं म्हणणं, तळी शाळेच्या आवारात करा. मैदानाच्या खालच्या अंगाला पडीक जागा आहे, उतारही ओहोळाकडेच आहे. घरांपासून 200 मीटर तरी लांब. तळाला चिकणमाती ठोकून बसवा, नाहीतर घाण मुरून विहिरीत जाईल. वरच्या अंगाला चर खणा, नाहीतर आपल्याकडच्या पावसात पहिल्याच पुरात सगळं वाहून ओहोळात. कडेचं गवत आणि वर पसरणारं शेवाळ कोण काढणार? काढलं नाही तर मच्छर होणार आणि उन्हाला वाट राहणार नाही. काही वर्षांनी पहिल्या तळ्यातला गाळ उपसावा लागतो. तो पंपानं निघाला पाहिजे. आपली पोरं त्यात उतरणार नाहीत. हे सगळं कोणाच्या खर्चानं, तेही ठरावात लिहून घ्यायचं.

ग्रामसभेला बाया आल्याच पाहिजेत, झिरा त्याच उकरतात. आणि येताना आपापल्या दाव्याची पोच घेऊन या.