तंबोऱ्याचा काना

गाण्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर करायचं ठरलं की आयोजकांची पहिली सूचना ठरलेली असते: अक्षरांत संगीत दिसलं पाहिजे. मग ‘गायन’मधल्या कान्याचा तंबोरा होतो, ‘संध्या’वरच्या अनुस्वाराचं घुंगरू होतं आणि वेलांटीला सतारीच्या तारा फुटतात. साधं अक्षर नुसती माहिती देतं, सजवलेलं अक्षर मैफलीचं वातावरण उभं करतं, असं यामागचं म्हणणं. ते वरवर पटतंही. पण मैफलीत आपण तंबोऱ्याचा आकार ऐकायला जात नाही. तिथे लय असते, दोन स्वरांमधलं अंतर असतं, आवाजाचा चढउतार असतो आणि मधली शांतता असते. जाडी, आकार आणि भोवतालची कोरी जागा नीट सांभाळली तर हे सगळं अक्षरांनाही साधतं; त्यासाठी वाद्याचं सोंग घ्यावं लागत नाही. सोंग घेतलं की काना धड काना राहत नाही, आणि तंबोराही चांगला वठत नाही.

झुरिकच्या टोनहाले या संगीतसभागृहासाठी योझेफ म्यूलर-ब्रोकमान यांनी 1950च्या दशकापासून केलेली पोस्टरं पाहावीत. 1955च्या बेथोवेनच्या पोस्टरवर पियानो नाही, व्हायोलिन नाही, संगीतकाराचा चेहराही नाही. एका केंद्राभोवती फिरणाऱ्या, पटीपटीने रुंद होत जाणाऱ्या कमानी आहेत आणि बिनशेपटीच्या साध्या टाइपात मजकूर आहे. तरीही ते संगीताचं पोस्टर आहे याबद्दल शंका उरत नाही, कारण लय मांडणीत आहे.

यावर सॅन फ्रान्सिस्कोचा दाखला हमखास दिला जातो. 1966 साली वेस विल्सन यांनी फिलमोर सभागृहातल्या रॉक मैफलींसाठी वितळल्यासारखी, फुगलेली, वाचायला अवघड अक्षरं काढली आणि ती गाजली. दाखला खरा आहे, पण तो सजावटीच्या बाजूने उभा राहत नाही. त्या वळणाचं मूळ व्हिएन्नातल्या आल्फ्रेड रोलर यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोस्टरांमध्ये आहे. तिथे प्रत्येक अक्षर ताणून चौकटीत गच्च बसवलेलं असतं, म्हणजे पुन्हा मांडणीच. विल्सन यांच्या अक्षराला कुणी गिटार चिकटवलेली नाही. शिवाय ती पोस्टरं ज्या तरुणांसाठी होती, त्यांना थांबून ती उकलण्यातच गंमत वाटत होती. शास्त्रीय मैफलीला येणाऱ्या सत्तरीच्या श्रोत्याकडून ती हौस अपेक्षिणं गैर आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो घरचा आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी रेखाटली की अक्षर पाहताच नाटकाचा स्वभाव कळावा. मग गाण्याला तेच का नको? कारण नाटकाच्या जाहिरातीत एका शीर्षकाला राज्य करता येतं. मैफलीच्या पोस्टरवर गायक, तबला, संवादिनी, तारीख, वेळ, सभागृह आणि प्रवेशिका इतके मानकरी असतात. त्यांची उतरंड लावणं हेच खरं काम. त्यातून देवनागरीत इंग्रजीसारखी मोठ्या लिपीची सोय नाही, आणि संगणकावर अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. ‘गुरू’ या शब्दाखाली ‘कौशिकी’ आला की वरचे उकार आणि खालच्या मात्रा-वेलांट्या एकमेकांत घुसतात. दोन ओळींतलं अंतर रोमन लिपीच्या सवयीने ठेवलेलं असतं, म्हणून हे होतं. मग जागा पुरत नाही म्हणून साथीदारांची नावं बारीक केली जातात.

चांगला फॉन्ट परवडत नाही, ही सबब आता चालणार नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात सात जाड्या आहेत. एकाच कुळातल्या दोन-तीन जाड्यांत अख्खी मैफल मांडता येते. आयोजकांना विनंती एवढीच: फ्लेक्स छापायला टाकण्याआधी नमुना भिंतीला लावा, दहा पावलं मागे जा आणि तबलजींचं नाव वाचून पाहा.