समुद्रतळीं कॅमेरा नेण्यापूर्वीं

समुद्राच्या पोटांतील प्रवाळ व मासे यांचीं रंगीत चित्रें हल्लीं मुलांच्या नित्य पाहण्यांत येतात. तीं पाहून आपणही कॅमेरा घेऊन नौकेवर आठ दिवस मुक्काम करावा व दिवसांतून तीनचार वेळां बुडी मारावी, अशी इच्छा वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थ्यांस होऊं लागली आहे. कोणी म्हणेल, घाटावर राहणाऱ्या व गोदेच्या पाण्यांत पाय बुडविणाऱ्या नाशिककरांस हा उपद्व्याप कशाला? या आक्षेपांत मला फारसा अर्थ दिसत नाहीं. येथल्याच शरणपूरच्या मिशन-शाळेंत वाढलेले आफ्रिकी तरुण १८६६ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन यांजबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागांत गेले. आणि त्या शाळेचा जेकब वेनराइट १८७४ सालीं त्यांच्या शवासोबत इंग्लंडास पोंचला. त्यापुढें मालवण तें किती दूर! इच्छा मुळींच वाईट नाहीं. माझें भांडण आहे तें तयारीच्या क्रमाशीं.

मुलगा प्रथम मागतो तो कॅमेरा, आणि वडील बिचारे ऋण काढून तो देतात. वस्तुतः कॅमेरा सर्वांच्या शेवटीं यावा. पाणी प्रकाशांतील तांबडा रंग प्रथम गिळतें. पांचदहा मीटर खालीं गेलें कीं तांबडा मासाही मळकट दिसूं लागतो. म्हणून दिवा न्यावा लागतो. परंतु कॅमेऱ्याला लागूनच दिवा लाविला, तर पाण्यांतील सूक्ष्म कण उजळून चित्रावर जणूं पिठाचा सडा पडतो. यास उपाय दोन : दिवा बाजूस दूर धरणें, व मध्यें पाणी थोडें राहील इतकें चित्रविषयाच्या जवळ जाणें. जवळ जावयाचें तर अंग पाण्यांत अधांतरीं स्थिर राहिलें पाहिजे. आणि ही स्थिरता पैसे देऊन मिळत नाहीं. अस्थिर मनुष्य तोल सांवरण्यासाठीं पाय झाडतो, आणि प्रवाळ मोडतो. कित्येक जातींचें प्रवाळ वर्षांत बोटाच्या एका पेरानेंही वाढत नाहीं, हें ज्याला ठाऊक आहे त्याला असल्या चित्राचें कौतुक कसें वाटावें?

दुसरें असें कीं, चित्रांत डोळे गुंतले म्हणजे हवेच्या मापकाकडे दुर्लक्ष होतें. मग घाबरून श्वास कोंडून वर येणें, हाच सर्वांत घातक प्रकार. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथें छातींत भरलेली हवा वर येतां येतां दुपटीनें फुगते, व फुप्फुस फाटतें. १८९३ सालीं फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाण्याखालीं छायाचित्रें घेणारा लुई बूतां हा मुळांत प्राणिशास्त्रज्ञ होता. समुद्रांतील प्राणी पाहण्यासाठीं तो बुडी मारूं लागला. छायाचित्रण त्यानंतर आलें.

म्हणून मी म्हणतों, एक उन्हाळा येथल्या तलावांत पोहण्यास द्यावा. कान, दमा व हृदय यांविषयीं डॉक्टरांस विचारावें. मग कुडाळास गाडींतून उतरून तारकर्लीस जावें. तेथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचें शिक्षण देणारी संस्था आहे. मालवणचा समुद्र फारसा नितळ नाहीं, आणि पावसाळ्यांत तर तेथें बुडी बंदच. परंतु गढूळ पाण्यांत शिकलेला पुढें कोठेंही गोंधळत नाहीं. कित्येकांचा डोळा विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटरवरील आंग्रे बँकेवर असतो. तेथें बेट नाहीं, तेव्हां मुक्काम नौकेवरच करावा लागणार. परंतु त्या बुडालेल्या पठाराचा माथाच सुमारें २० मीटर खालीं आहे, आणि पहिल्या परीक्षेनें परवानगी मिळते ती १८ मीटरांची! मालदीवच्या पुष्कळ नौकाही तीसपन्नास बुड्यांचा अनुभव मागतात. त्यांचें तें करणें योग्यच आहे.

पालकांस एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगावयाची आहे. २ सप्टेंबर १९१९ नव्हे, तर २०१९ रोजीं, म्हणजे अगदीं आपल्याच काळांत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ नांवाच्या अशाच मुक्कामी नौकेस पहांटेच्या अंधारांत आग लागली, आणि खालच्या दालनांत निजलेलीं ३४ माणसें दगावलीं. आगीचें मूळ निश्चित ठरलें नाहीं. वरच्या दालनांत कॅमेरे, दिवे व दूरध्वनी यांच्या विजेऱ्या भरावयास लाविलेल्या होत्या, त्यांजवर संशय गेला. परंतु चौकशींत एवढें निश्चित ठरलें कीं, रात्रीं फिरून पहारा करणारें कोणीही जागें नव्हतें. चित्रकाराचीं साधनेंच येथें संशयित ठरावीं, हें आम्हां हौशी लोकांस विसरतां येणार नाहीं.

तेव्हां नौकेची निवड करतांना भोजनांत काय मिळतें हें मागाहून विचारावें. रात्रीं जागा कोण असतो? विजेऱ्या कोठें भरतात, व तेथें कोणाचें लक्ष असतें? निजण्याच्या खोलींतून बाहेर पडण्यास दुसरी वाट आहे काय, आणि ती कोठें उघडते? प्राणवायूचें नळकांडें नौकेवर आहे काय, व दाबकक्ष असलेलें रुग्णालय किती तासांवर आहे? हीं उत्तरें पत्रानें, लेखी मागवावीं. जो नौकावाला या प्रश्नांनीं रागावतो, त्याच्या नौकेवर मीं आपला मुलगा धाडला नसता. परतीचें विमान ठरवितांनाही शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास जाऊं द्यावेत. तो एक दिवस किनाऱ्यावर बसून चित्रें निवडण्यास उपयोगी पडतो, आणि पहिल्या सफरींत निवडण्याजोगीं निघतात तीं बहुधा पांचसहाच.