मलब्याचीही आवक मोजा

आज संत्र्याची आवक किती होईल, असे नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात पहाटे कोणत्याही अडत्याला विचारा. आंबिया बहाराचा जोर, हवा, सण आणि वरुड-काटोलकडून मिळालेली खबर यांचा मेळ घालून तो आकडा सांगतो. आकडा थोडा चुकतो, पण हमाल आणि जागा त्याच आकड्यावर ठरतात. घरे पाडून निघणाऱ्या मलब्याचा विषय काढला की मात्र ऐकायला मिळते, ‘कोण कधी घर पाडेल याचा काय नेम? याचा अंदाज होऊच शकत नाही.’

हे मला मुळीच पटत नाही. कोणता शेतकरी उद्या किती माल आणेल हे अडत्यालाही ठाऊक नसते, पण बाजाराची आवक त्याला कळते. पक्के घर पाडले की दर चौरस मीटरला साधारण 300 ते 500 किलो मलबा निघतो, नव्या बांधकामात 40 ते 60 किलो. देशात हेच ठोकताळे वापरले जातात. म्हणजे हजार चौरस फुटांचे एकमजली घर पाडले तर 28 ते 46 टन. वॉर्डात वर्षाला किती जुनी घरे पडतात एवढे कळले की बाकीचा गुणाकार शाळकरी पोरही करील.

कुणी म्हणेल, 19 ऑक्टोबर 2021 च्या रात्री कळमन्यात पारडी उड्डाणपुलाचा बांधकाम सुरू असलेला भाग कोसळला, तो अंदाजात कसा बसवणार? नाहीच बसणार. पण अपघात क्वचित होतो, घरे रोज पडतात. नागपूर स्थानकासमोरचा उड्डाणपूल तर ठरवून पाडला. त्याचे काँक्रीट किती निघणार, हे नकाशावरून आधीच काढता येत होते.

दुसरा आक्षेप जास्त पसरलेला आहे: मलबा हा कचरा नाहीच, तो भराईला जातो. आमच्या गल्लीत घर पडताना मी दिवसभर उभा राहिलो आहे. बायका विटांवरचा चुना खरवडून थप्पी लावतात, एक माणूस ऐरणीवर सळाख सरळ करतो, सागवानी चौकटी आणि कवेलू दुपारपर्यंत विकले जातात. कामाचे ते सगळे माणसे आधीच काढून घेतात, त्यांना माझा नमस्कार. उरतो तो मलबा म्हणजे प्लास्टर, फरशीचे तुकडे, फुटका स्लॅब. संध्याकाळी ट्रॉली तो खोलगट प्लॉटवर नाहीतर नाल्याच्या काठी ओतते. पाणी जिरायची आणि वाहायची जागा अशी ट्रॉली-ट्रॉलीने बुजते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नाग नदीचे पाणी घराघरांत शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना आमच्याकडच्या पिवळी नदीचा काठ मोकळा का हवा हे सांगावे लागत नाही.

‘आधी मलबा-प्रक्रियेचा प्लांट उभारा, आकडे मग पाहू’ हेही उलटेच. किती टनांचा क्रशर, कुठे, पावसाळ्यात किती साठवण, हे आकड्याशिवाय ठरवणार कसे? माल मिळाला तर खप आहे. आयएस 383 या मानकाने 2016 पासून पुनर्वापराची गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत मान्य केली आहे. कन्हानची रेती उपसून नदी खरवडण्यापेक्षा हा मार्ग शतपटीने बरा.

बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी मलब्याची नोंद ठेवून ती दरवर्षी अद्ययावत करण्याची जबाबदारी महापालिकांवर टाकलीच होती. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत उत्पादकांवर, म्हणजे बांधकाम-पाडकाम करणाऱ्यांवर, टाकलेली जबाबदारी 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांसाठी आहे; कळमन्यातले दोन खोल्यांचे घर त्यात येत नाही. शिवाय इथले कित्येक लेआउट गुंठेवारीचे. नकाशा मंजुरीचे कागद मोजून इथला अर्धाही मलबा हाती लागणार नाही. मालमत्ता कराच्या नोंदीत घराचे क्षेत्र आणि वय असते, विजेच्या नव्या जोडण्या कळतात, रस्ते आणि पुलांच्या निविदा जाहीर असतात. हे तीन कागद शेजारी ठेवावेत, आणि चौथा माणूस ट्रॉलीवाला. घरे कुठे पडताहेत हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नाही. त्याला दंडाची भीती घालण्याऐवजी जवळची ठरलेली जागा आणि फेरीची पावती द्या.

पाडापाडीला खरा जोर दिवाळीनंतर चढतो. त्याआधी आमच्या प्रभागाचा पहिला आकडा झोन कार्यालयाच्या फळ्यावर लागला पाहिजे. तो चुकला तर पुढच्या वर्षी पावत्या मोजून दुरुस्त करू.