अठरानंतर आईची सही चालत नाही

मुलगा 18 वर्षांचा झाला की कायद्याच्या लेखी तो सज्ञान. तो बौद्धिक दिव्यांग असला, त्याला सहीही करता येत नसली, तरी त्या दिवसापासून आई-वडील त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. मी लॉला आहे. भोकरदन, अंबडच्या मोहल्ल्यांत मला भेटलेल्या बहुतेक घरांना हे बँकेच्या काउंटरवर कळले. मग कोणीतरी सांगते, कोर्टात जा, वकील करा, पैसे तयार ठेवा.

हे साफ चूक आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. वकील लागत नाही. या समितीच्या दाखल्यावर खाते उघडता आणि चालवता येते, हे रिझर्व्ह बँकेने 2007 मध्येच बँकांना कळवले आहे. (मानसिक आजार यात येत नाही, त्यासाठी 2017 चा वेगळा कायदा आहे.)

वडील वारले, तलाक झाला किंवा ते घर सोडून गेले, तर आई एकटी अर्ज करू शकते. ‘आपल्या कायद्यात आई मालमत्तेची पालक होत नाही’ असे ऐकवणारे चुलते प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांचा तो नियम अज्ञान मुलांसाठीचा. इथे तो लागू नाही, हे त्यांना तोंडावर सांगा.

आणि सांगणार कोण? कलम 14 आणि 21 वर तासभर भाषण देणारे आमचे लॉचे मित्र तहसीलच्या रांगेत एका अम्मीसोबत उभे राहायला तयार नाहीत. त्यात ना फोटो, ना टाळ्या. दिव्यांगांना आणि स्त्रियांना 1987 च्या कायद्याने उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळते. तेही सांगायला कोणी जात नाही.

पण नुसते फॉर्म भरून देणे धोक्याचेही आहे. पालकत्व हवे कशाला, हे विचारा. पुष्कळदा उत्तर शेतातल्या हिश्श्यापाशी येऊन थांबते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्व सांगतो: ठरावीक निर्णय, ठरावीक मुदत, तेही त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. 1999 च्या कायद्यानुसार पालकाने 6 महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यायची, पुढे दरवर्षी हिशोब द्यायचा. छळ किंवा हेळसांड झाली तर समिती त्याला काढू शकते. ज्याचा अर्ज तुम्ही भरलात, त्याची यादी आणि हिशोबही तुम्हीच मागा. आणि जो मुलगा सही करू शकत नाही, पण कोणाच्या घरी राहायचे हे बोट दाखवून सांगू शकतो, त्याला विचारल्याशिवाय फॉर्मवर चुलत्याचे नाव लिहू नका.